पिशवी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'एका आजाराशी झुंज' असा लिहिलाय. मी दिलेला विषय तो नव्हता. मी पत्रात लिहिलं होतं, 'मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया : आधी आणि नंतर'. त्यावर कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "सर, लोक सहकुटुंब येतात. शिवाय नंतर अल्पोपाहार असतो. जरा सौम्य काही लिहू का?" मी म्हटलं, फळ्यावर तुम्हाला रुचेल ते लिहा, बोलणार मी तेच आहे. तेव्हा फळ्यावरची झुंज कार्यवाहांची आहे. माझी झुंजबिंज काही झाली नाही. मी गुंगीत पडलो होतो, जे काही केलं ते सर्जननी केलं.

मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. डॉक्टर नाही. त्यामुळे आज जे सांगेन ते एका रुग्णानं विचारून, वाचून, भोगून गोळा केलेलं आहे, एवढं धरून ऐका.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. मूत्राशय हे पुस्तकातलं नाव. घरात आपण लघवीची पिशवी म्हणतो. आपल्या मराठी पोटात पिशव्या पुष्कळ : पित्ताची पिशवी, गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी. पण नुसतं 'पिशवी काढली' म्हटलं की ती कुठली, हे या सभागृहातल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. माझ्या ऑपरेशननंतर बायकोनं शेजारी सांगितलं, "यांची पिशवी काढली." शेजारच्या काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यांची?"

आणि आतली पिशवी काढल्यावर पोटावर बाहेरून जी लावतात, तिलाही पिशवीच म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात पिशवी काढली, पिशवी लावली, पिशवी भरली, पिशवी बदलली ही वाक्यं दिवसभर चालू असतात. भाजीला जाताना बायको "पिशवी घेतली का?" म्हणाली तर मी आधी पोट चाचपतो.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. कारण या विषयावर धड न बोलण्यापायी मी आठ महिने घालवले, आणि ते आठ महिने मला महागात पडले.

पहिल्यांदा दिसलं ते श्रावणातल्या एका सकाळी. रसायनशास्त्राच्या माणसाला रंग सांगता येतो, म्हणून सांगतो. टायट्रेशन करताना फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिन घालतात. शेवटचा थेंब पडला की द्रावण फिकट गुलाबी होतं, आणि एक थेंब जास्त पडला की भडक. तो भडक गुलाबी रंग होता. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली होती का, ते आठवत उभा राहिलो. खाल्ली नव्हती. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की रंग दिसला की थांबा आणि रीडिंग लिहून घ्या. स्वतःच्या बाबतीत तो रंग दिसल्यावर मी फ्लश ओढला आणि चहा प्यायला बसलो.

बायकोला सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कोणत्या शब्दांत?

तीन आठवड्यांनी पुन्हा दिसलं, या वेळी बारीक गुठळ्यांसकट. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाव-वय विचारलं, 'इन्फेक्शन' म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. दिवाळीनंतर पुन्हा आलं, पुन्हा गोळ्या, पुन्हा थांबलं. असं तीनदा. लघवीची साधी तपासणी, सोनोग्राफी यांतलं काही त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते विचारायचं म्हणजे पुन्हा त्या विषयावर बोलायचं. खरी गोष्ट अशी की रक्त गोळ्यांनी थांबलंच नव्हतं. या रोगात ते आपसूक थांबतं आणि मनाला येईल तेव्हा परत येतं. न दुखता लघवीतून रक्त जाणं ही या कर्करोगाची सर्वांत नेहमीची पहिली खूण आहे. दुखलं असतं तर मी धावत गेलो असतो. दुखत नव्हतं म्हणून निवांत होतो.

बायकांचं याहून अवघड. हा रोग पुरुषांत स्त्रियांच्या तीन-चार पट आढळतो. म्हणून बाईच्या लघवीत रक्त आलं की कोणाला तो आठवत नाही. पाळीचं असेल, उन्हाळी लागली असेल, असं म्हणून ती स्वतः आणि कधी कधी डॉक्टरही सोडून देतात.

शेवटी मुलीनं पकडलं. सुटीला आली होती, बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं आहे?" दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, त्या आठवड्यात दुर्बीण. दुर्बीण म्हणजे लघवीच्या वाटेनं आत बारीक नळी घालून बघतात. पडद्यावर मलाही दिसलं. गुलाबी भिंतीवर समुद्रातल्या शेवाळासारखं काहीतरी डोलत होतं. मग भूल देऊन त्याच वाटेनं ते खरवडून काढलं आणि तुकडे तपासायला गेले.

अहवाल येईपर्यंत सर्जननी एक साधा प्रश्न विचारला. "सर, सिगरेट?"

"बारा वर्षांपूर्वी सोडली."

"त्याआधी?"

"रोजच्या दहा. अठ्ठावीस वर्षं."

मी लगेच वकिली सुरू केली. म्हटलं, डॉक्टर, आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, ते कारण नसेल का? हा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. बारावीच्या प्रॅक्टिकलला तुमच्यातल्या पुष्कळांनी अझो रंग केला असेल. बर्फात परीक्षानळी ठेवायची, ॲनिलीनपासून डायझोनियम क्षार करायचा आणि तो बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतायचा. शेंदरी लाल रंग उमटतो आणि वर्गभर 'आहा' होतं. या रंगांच्या घराण्याला जुना डाग आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानं लंडनमध्ये क्विनीन करायच्या खटपटीत जांभळा रंग केला आणि कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहू लागले. १८९५ साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी दाखवून दिलं की फुक्सिन नावाचा किरमिजी रंग करणाऱ्या कामगारांना मूत्राशयात गाठी होताहेत. पुढे १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं बीटा-नॅफ्थिलअमीन आणि बेंझिडीन या दोन रसायनांकडे बोट दाखवलं. गंमत बघा. याच रेन यांनी १८९६ साली जखमी माणसाच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचवलं, आणि आज त्यांचं नाव निघतं ते हृदयासाठी. मूत्राशयाचं नाव घ्यायला जगातही लोक जरा लाजतातच.

सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्या प्रयोगातला तो नॅफ्थॉल. रोगाला कारण होतं ते नॅफ्थिलअमीन, आणि ते सिगरेटच्या धुरात असतं." मी गप्प झालो. वर्गात मी मुलांना रसायनं हाताळताना जपा म्हणून ओरडायचो आणि मधल्या सुटीत मागच्या जिन्यात उभा राहून तेच रसायन छातीत ओढायचो. मूत्राशयाच्या कर्करोगातले सुमारे निम्मे रुग्ण धूम्रपानाच्या खात्यावर जातात. धूर ओढला फुप्फुसांनी, मग शिक्षा मूत्राशयाला का? कारण रक्तातलं विष मूत्रपिंडं गाळतात आणि ते लघवीबरोबर या पिशवीत तासन्‌तास साठून राहतं. चार-पाचशे मिलिलिटरची ही पिशवी. तिचं अस्तर त्यात बुडून असतं.

अहवाल आला. मूत्राशयाच्या भिंतीला थर असतात : आत अस्तर, त्याखाली सैल थर, त्याखाली स्नायू. सगळा निकाल या स्नायूवर ठरतो. रोग कळतो तेव्हा चारांतल्या साधारण तिघांचा स्नायूपर्यंत गेलेला नसतो. त्यांची पिशवी बहुतेक वाचते. रोग खरवडतात आणि अनेकांना आत बीसीजी सोडतात. हो, तीच बीसीजी, जिचा वण आपल्या दंडावर आहे. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली हा उपाय प्रसिद्ध केला आणि आजही तो चालतो. मी मात्र चौथा. माझ्या अहवालात स्नायूत रोग होता. आठ महिन्यांपूर्वी गेलो असतो तर तो अस्तरातच सापडला असता का? सर्जन म्हणाले, सांगता येत नाही. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला अजून टोचतो.

पिशवी न काढता काही होतं का, हे मी विचारलं. तुम्हीही विचारा, कारण काही रुग्णांना ती वाट असते. गाठ पूर्ण खरवडायची, मग केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र द्यायचं, आणि पुढे जन्मभर दुर्बिणीनं पहारा ठेवायचा. योग्य रुग्णात त्याचे निकाल चांगले येतात. पण माझ्या अस्तरावर ठिकठिकाणी सपाट डाग पसरले होते, त्यामुळे ती वाट बंद झाली.

शस्त्रक्रियेआधी चार वेळा केमो झाली. त्यातलं एक औषध सिसप्लॅटिन. सलाइनच्या बाटलीवर नाव वाचून मी हसलो आणि सिस्टरला वाटलं, काकांना भ्रम झाला. कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या धड्यात मी दरवर्षी हे फळ्यावर काढलं होतं. मधे प्लॅटिनम, चार कोपऱ्यांत दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया. दोन्ही क्लोरीन शेजारी तर सिस, समोरासमोर तर ट्रान्स. मिकेले पेरोने यांनी ते १८४५ साली तयार केलं आणि नंतर शंभरावर वर्षं ते पुस्तकातच राहिलं. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नाही, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या अशा संयुगांमुळे. सिस काम करतं, ट्रान्स करत नाही. आयुष्यभर मी त्या फरकाला दोन मार्क दिले.

आता मुख्य गोष्ट. मूत्राशय कापून काढणं हा अर्धाच प्रश्न आहे. दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी तयार होतच राहते. ती सोडायची कुठे? १८८७ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात बार्डेनहॉयर यांनी पूर्ण मूत्राशय काढलं. तो रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. नंतर बरीच वर्षं मूत्रपिंडाच्या नळ्या मोठ्या आतड्याला जोडत, पण तिकडचे जंतू वर चढत आणि मूत्रपिंडं खराब होत. वापरता येईल असा तोडगा १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या यूजीन ब्रिकर यांनी रूढ केला. लहान आतड्याचा वीतभराहून थोडा कमी तुकडा वेगळा काढायचा, उरलेलं आतडं परत जोडायचं. त्या तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रनळ्या जोडायच्या आणि दुसरं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढायचं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची.

दुसरा पर्याय, हातभराहून थोडं जास्त आतडं उलगडून, शिवून त्याचंच नवं मूत्राशय करायचं आणि ते नेहमीच्या मार्गाला जोडायचं. बाहेर काही दिसत नाही. पण आतड्याला भरल्याची तशी जाणीव नसते. घड्याळ लावून उठायचं, पोट दाबून लघवी करायची, रात्री गळण्याची तयारी ठेवायची. काहींना रोज स्वतः नळी घालावी लागते.

मला दोन्ही पर्याय होते. सर्जननी सांगितलं, दोन्ही केलेल्या रुग्णांना भेटा, मग ठरवा. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर मी दोघांना भेटलो. नवं मूत्राशय केलेले गृहस्थ पन्नाशीचे, पोहायला जाणारे, म्हणाले, "रात्री दोनदा गजर लावतो, पण आरशात मी पूर्वीसारखाच दिसतो." पिशवीवाल्या आजींनी पदर सरकवून पिशवी दाखवली आणि म्हणाल्या, "मी रात्री झोपते." मी झोप निवडली. हे दोघे भेटले नसते तर मी भीतीपोटी ठरवलं असतं.

आणि आता तो दिवस, ज्यासाठी मी इथे उभा आहे. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी स्टोमाचं काम बघणारी सिस्टर आली. हातात काळं मार्कर. म्हणाली, "काका, पायजम्याची नाडी कुठे बांधता?" मी दाखवलं. "उभे राहा. आता बसा. पुढे वाका, चप्पल घालताना वाकता तसं. आता मांडी घाला, जेवायला बसता तशी." नाभीच्या उजवीकडे, खालच्या अंगाला तिनं फुली मारली. मी मांडी घातली तर पोटाची वळी पडली आणि फुली वळीत गडप झाली. "इथे पिशवी धरणार नाही," म्हणत तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली आणि बोटभर वर दुसरी काढली. "आता उभे राहा. स्वतःची फुली स्वतःला दिसते? दिसली पाहिजे. बदलायची तुम्हालाच आहे." मग एका पिशवीत थोडं पाणी भरून फुलीवर चिकटवली आणि रात्रभर तशीच ठेवून फिरायला सांगितलं.

त्या रात्री वॉर्डच्या पॅसेजमध्ये पोटावर पाण्याची पिशवी घेऊन मी फेऱ्या मारल्या. माझ्या पुढच्या सगळ्या वर्षांचं सुख त्या बोटभर अंतरावर होतं, आणि ते ठरवणारीनं मला पंगतीत मांडी कशी घालता ते विचारलं होतं. कर्करोग झाल्यापासून मला धीर धरा म्हणणारे शेकडो भेटले. नाडी कुठे बांधता हे विचारणारी ती एकटी. धीर मला तिच्या प्रश्नातून आला.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. पुरुषात मूत्राशयाबरोबर प्रोस्टेटही जाते, बाईची बहुधा दुसरी पिशवीही, म्हणजे गर्भाशय. हे मोठं ऑपरेशन आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांना लहान-मोठी काहीतरी गुंतागुंत होते. मला आतडं सुरू व्हायला सहा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं. तीन चेंडूंच्या खेळण्यात श्वास ओढायला लावला. आतड्याला जाग यावी म्हणून च्युइंग गम चघळायला दिला. वर्गात गम चघळणाऱ्यांना मी बाहेर काढायचो, त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

स्टोमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मान फिरवली. लालबुंद, ओला, गालाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तर दुखत नाही, कारण वेदनेच्या नसाच नाहीत. तो मधूनच हलतो. आतडंच ते, त्याला आपण मूत्राशयाची नोकरी दिलीय हे माहीत नाही. लघवीत चिकट तंतू येतात ते त्याच्या जुन्या नोकरीचे. पिशवी बदलायची ती पहाटे, चहाच्या आधी, तेव्हा गळती कमी. माप घेऊन चकतीला भोक कापायचं, त्वचा कोरडी करायची, चिकटवायची आणि हाताच्या उबेनं दाबून धरायची. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची. आमच्या उन्हाळ्यात घामानं चकती लवकर सुटते, म्हणून मी दर तीन दिवसांनी बदलतो. पिशव्यांचा खर्च जन्माचा आहे. तोही आधी विचारून ठेवा.

नवरा-बायकोतलंही सांगतो. या शस्त्रक्रियेनं बहुतेक पुरुषांचं ते सामर्थ्य जातं किंवा खूप कमी होतं, बायकांनाही अडचण येते. हे ऑपरेशनआधी दोघांनी एकत्र बसून डॉक्टरांना विचारावं. काही उपायही असतात. आम्ही साठी ओलांडलेली होती म्हणून आम्हाला कोणी सांगितलं नाही, जणू साठीनंतर पलंग फक्त झोपायला असतो.

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी एका लग्नात मी पिशवी रिकामी करून तोटी बंद करायला विसरलो. पंगतीत बसलो आणि पायजमा भिजला. शेजाऱ्याला म्हटलं, मठ्ठा सांडला. घरी येऊन बायको म्हणाली, "अहो, रक्त दिसलं तेव्हा बीट, आता मठ्ठा. तुमचं खोटं नेहमी ताटातलंच असतं."

त्यानंतर मी ठरवलं. पुढच्या कार्याला कोणी विचारलं, सर, बॅगेत काय जपता, तर मी सांगितलं : जादा पिशवी, मूत्राशय काढलंय. क्षणभर शांतता. मग एक दूरचे काका मला मांडवाच्या कनातीमागे घेऊन गेले. कुजबुजले, "मला दोन महिन्यांपासून लाल होतंय." मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांचा निघाला मुतखडा. लघवीतलं प्रत्येक रक्त कर्करोगाचं नसतं. पण ते कशाचं आहे हे तपासल्यावरच कळतं, आणि तपासायला आधी कोणाला तरी सांगावं लागतं.

माझं बोलणं संपलं. पिशवीही एक-तृतीयांश झाली आहे. प्रथेप्रमाणे आता प्रश्नांच्या चिठ्ठ्या. त्यांवर नाव नको. डबा मी मुद्दाम मागे, स्वच्छतागृहाच्या वाटेवर ठेवायला सांगितलाय. त्या बाजूला कोण कशाला गेलं, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही.